खेळातल्या वस्तूंचा डेटाबेस: तलवार एक, धनी एक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तलवारी, चिलखतं, औषधाच्या कुप्या आणि गोळा करायचे पत्ते असलेला ऑनलाइन खेळ तुम्ही दोघं-तिघं मिळून करताय. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. खेळाडू आपसांत वस्तूंची अदलाबदल करतील, पेट्या उघडून नव्या मिळवतील. आता प्रत्येक वस्तुप्रकाराला वेगळं टेबल करावं, की एकच टेबल ठेवून बाकी सगळं जेसनमध्ये (नाव-मूल्य जोड्यांच्या मजकुरात) कोंबावं, यावर तुमचं घोडं अडलंय.

या प्रश्नाचं उत्तर देतो, पण जरा उशिरा. तिथे निवड चुकली तर क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) कुरूप होतील, फार तर हळू चालतील. एखादा शनिवार-रविवार घालवून ते निस्तरता येतं. वस्तू कुणाकडे आहे हे लिहिण्याची पद्धत चुकली, तर मात्र खेळाडूंना नकला काढायची वाट सापडते, आणि नकली माल एकदा बाजारात मिसळला की अस्सल कुठला हे सांगता येत नाही. ‘डायब्लो २’मधल्या ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ या अंगठीचं हेच झालं. खेळाडूंनी तिला चलन म्हणून वापरायला सुरुवात केली आणि तिच्याच भरमसाट नकला निघाल्या. २००३ च्या १.१० पॅचमध्ये अशी योजना आली की या अंगठ्या दुकानदाराला पुरेशा संख्येने विकल्या गेल्या की एक खास राक्षस अवतरतो. म्हणजे लोक आपल्याच हाताने अंगठ्या खेळाबाहेर टाकू लागले. असल्या युक्त्या लढवायची वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करू.

जात आणि प्रत

‘वस्तू’ नावाचं एकच टेबल करू नका. खेळात ‘भवानी तलवार’ आहे, हे एक विधान. अमुक खेळाडूकडे एक भवानी तलवार आहे, हे दुसरं. पहिलं डिझायनरने लिहिलंय आणि त्याची एकच ओळ असेल. दुसऱ्याच्या लाखो ओळी होतील आणि त्या खेळ चालू असताना जन्मतील. म्हणून दोन टेबलं: ‘व्याख्या’ आणि ‘प्रत’.

व्हॉल्व्ह या कंपनीच्या ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये हा भेद उघड दिसतो. त्यांच्या वेब एपीआयकडे (इतर प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या खिडकीकडे) खेळाडूची पिशवी मागितली की प्रत्येक वस्तूबरोबर तीन आकडे येतात. डेफइंडेक्स, म्हणजे ही कुठल्या जातीची. आयडी, म्हणजे ही नेमकी कुठली. आणि ओरिजिनल आयडी, म्हणजे हातोहाती फिरण्याआधी तिचा क्रमांक काय होता. या तिसऱ्या आकड्याकडे पुढे परत येऊ.

कुठला गुण कुठे ठेवायचा याला माझी कसोटी साधी आहे. डिझायनरने उद्या आकडा बदलला तर जगातल्या सगळ्या भवानी तलवारी बदलायला हव्यात का? हो असेल तर तो व्याख्येत. तो आकडा त्या एका तलवारीच्या जन्मावेळी फासा टाकून ठरला असेल तर प्रतीवर. ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये बंदुकांची रंगरूपं आली. तिथे रंगरूपाचं नाव व्याख्येचं, पण झीज (० ते १ मधला एक अपूर्णांक) आणि नक्षी कुठून कशी बसली ते ठरवणारा सीड हे त्या एका बंदुकीचे. ‘फॅक्टरी न्यू’ हे नाव ०.०७ पेक्षा कमी झिजेला दिलेलं लेबल आहे. ते आकड्यावरून निघतं, म्हणून प्रत्येक प्रतीवर लिहून ठेवायचं नाही.

नवख्यांच्या स्कीमात (टेबलांच्या आराखड्यात) हमखास दिसतं ते असं: वाचायला वेगवान म्हणून मूळ मारा, वजन, किंमत हे सगळं प्रत्येक प्रतीवर नकलून ठेवलेलं. मग पहिल्याच बॅलन्स पॅचला कोटभर ओळींवर अपडेट चालवावा लागतो. व्याख्येचं टेबल काही हजार ओळींचं असतं, ते कायम मेमरीत बसतं, त्याच्याशी जॉइन करायला काहीच लागत नाही. जुन्या वस्तूंनी जुनेच आकडे जपावेत असा खेळाचा हेतू असेल, तर गोष्ट वेगळी. ‘डायब्लो २’मध्ये १.०८ च्या काळातल्या काही वस्तू पुढच्या पॅचनंतरही आपले जुने, जास्तीचे आकडे राखून होत्या आणि त्यामुळेच त्यांना भाव होता. तसं हवं असेल तर व्याख्येला आवृत्ती द्या आणि प्रत त्या आवृत्तीकडे बोट दाखवेल असं करा. ते ठरवून केलेलं असावं, अपघाताने झालेलं नसावं.

व्याख्येची ओळ कधीही डिलीट करायची नाही. वस्तू खेळातून काढली तर ‘निवृत्त’ असा झेंडा लावा, कारण कुणाच्या तरी पेटीत ती पडून असतेच. खेळाडूला दिसणारं नाव आणि वर्णन या टेबलात नको. ते भाषेनुसार वेगळ्या टेबलात, व्याख्येचा क्रमांक आणि भाषा या जोडकिल्लीवर.

एकेरी आणि घाऊक

औषधाच्या ४० कुप्यांसाठी ४० ओळी करणं वेडेपणाचं. बाण, कुप्या, धातूची पूड यांची फक्त संख्या महत्त्वाची असते:

साठा (ठिकाण_क्र, व्याख्या_क्र, संख्या)
प्राथमिक किल्ली: ठिकाण_क्र + व्याख्या_क्र
तपासणी: संख्या > ०

गोळा करायचे पत्ते कुठल्या बाजूला टाकायचे यावर तुमची आपसांत वादावादी होणार. माझं मत: दोन प्रतींत खेळाडूला किंवा तक्रार घेणाऱ्या माणसाला फरक करावा लागत असेल तर एकेरी, नाहीतर घाऊक. पत्त्यावर अनुक्रमांक असेल, चमकती आवृत्ती असेल, ‘हा मला अमुकने दिला’ असं दाखवायचं असेल, तर प्रत. नुसता ‘वाघ पत्ता × ३’ असेल तर साठा.

घाऊक जातीची ओळ चुकून ‘प्रत’ टेबलात शिरू नये हे कोडवर सोडू नका. ‘व्याख्या’मध्ये धाटणी (एकेरी की घाऊक) हा कॉलम ठेवून (व्याख्या_क्र, धाटणी) या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट) घाला. ‘प्रत’मध्येही धाटणी हा कॉलम ठेवा, त्यावर ‘एकेरीच असली पाहिजे’ असा चेक लावा, आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा दुवा) एका कॉलमवर न ठेवता जोडीवर ठेवा. एक कॉलम जास्तीचा वाटतो, वाटू द्या. आता चुकीचा इन्सर्ट डेटाबेसच परत पाठवेल. हीच जोड-किल्लीची युक्ती पुढे ‘शिरस्त्राण पायात घालता येऊ नये’ यासाठीही चालते.

जाता जाता: पुढेमागे मायएसक्यूएलवर जायचं झालं तर लक्षात ठेवा, ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट मुकाट्याने वाचून सोडून देत. आणि चाचण्यांसाठी एसक्यूलाइट वापरत असाल तर तिथे फॉरेन की तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनवर चालू करावी लागते. चाचण्या हिरव्या दिसल्या म्हणून निर्धास्त राहू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न

प्रत्येक प्रकाराला पूर्ण वेगळं टेबल केलंत, म्हणजे ‘तलवार_प्रत’, ‘चिलखत_प्रत’, तर ‘या माणसाच्या पिशवीत काय आहे’ या सर्वांत जास्त वेळा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला दहा टेबलांचं युनियन लागेल. अदलाबदलीच्या टेबलातून फॉरेन की नेमकी कुठे लावायची, याला तर उत्तरच उरत नाही. उलट, एकच टेबल आणि सत्तर नल (रिकामे) कॉलम, हेही नको.

मी असं करतो. मालकी, ठिकाण, जन्म यांच्याशी संबंधित सगळं एका ‘प्रत’ टेबलात. वस्तूचा प्रकार काहीही असो, अदलाबदल तीच. प्रकारानुसार बदलणारी माहिती बहुतेक व्याख्येची असते, म्हणून ‘शस्त्र_तपशील’, ‘चिलखत_तपशील’ अशी लहान टेबलं व्याख्येला एकास एक जोडायची. ही टेबलं लहान, त्यांत नल नाहीत, त्यांच्यावर चेक लावता येतात.

उरले ते प्रतीवर फाशाने पडलेले गुण. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मधल्या आर्टिफॅक्टसारखी वस्तू डोळ्यांपुढे आणा: एक मुख्य गुण, जास्तीत जास्त चार उपगुण, कुठले येतील ते नशिबावर. इथे अरुंद टेबल बरं पडतं:

प्रत_गुण (प्रत_क्र, गुण_क्र, मूल्य)
प्राथमिक किल्ली: प्रत_क्र + गुण_क्र

यावर कुणीतरी नाक मुरडून म्हणेल की हे तर ईएव्ही (वस्तू-गुण-मूल्य अशी मांडणी), ज्याला सगळी पुस्तकं शिव्या घालतात. शिव्या बरोबर आहेत, पण त्या कुठलंही नाव आणि कुठलंही मूल्य मजकूर म्हणून कोंबण्याच्या सवयीला आहेत. इथे गुण_क्र हा ‘गुण’ नावाच्या सूचीकडे फॉरेन कीने बांधलाय, मूल्य पूर्णांक आहे, आणि एकच गुण दोनदा येणं प्राथमिक किल्लीमुळे अशक्य आहे. टक्केवारीसुद्धा पूर्णांकातच ठेवा: ४.७ टक्के म्हणजे ४७० (टक्क्याचे शंभरावे भाग), आणि भागायचं ते दाखवताना.

जेसनचं काय? पोस्टग्रेसमध्ये जेसनबी ९.४ आवृत्तीपासून आहे आणि चांगलं आहे. पण आतल्या किल्लीवर फॉरेन की लागत नाही, आणि आतल्या मूल्यांची आकडेवारी प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) आपोआप नसते, त्यामुळे त्याचे अंदाज भरकटतात. जी माहिती सर्व्हर कधी पाहत नाही, फक्त खेळाडूच्या यंत्रावरचा कोड वाचतो, ती खुशाल जेसनमध्ये टाका: मुठीचा रंग, ठिणग्यांची जात, आवाजाच्या फाइलचं नाव. ज्या आकड्यावरून कुणी जिंकतं-हरतं किंवा वस्तूचा भाव ठरतो, तो कॉलममध्येच.

टेबलांची नावं इथे वाचायला सोपी म्हणून मराठीत लिहितोय. पोस्टग्रेसला देवनागरी नावं चालतात, पण नावाची मर्यादा ६३ बाइटची असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रांसकट २१ चिन्हांत नाव संपवायची कसरत करण्यापेक्षा प्रत्यक्ष कामात रोमन बरी.

मालकी

इथे खरा जीव आहे, म्हणून इथे रेंगाळतो.

शिकवणीत ‘खेळाडू’ आणि ‘वस्तू’ यांच्यामध्ये ‘खेळाडू_वस्तू’ हे जोड-टेबल काढायला शिकवतात. व्याख्येच्या पातळीवर ते ठीक, कारण एक जात अनेकांकडे आणि एकाकडे अनेक जाती. पण प्रतीच्या पातळीवर ते धोक्याचं आहे: एकाच प्रतीच्या दोन ओळी, दोन खेळाडूंच्या नावावर, आणि टेबलाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. प्रत एका वेळी एकाच जागी असते. तेव्हा ती जागा प्रतीच्या ओळीतच एका नॉट नल कॉलममध्ये हवी. एका ओळीच्या एका कॉलमात दोन मूल्यं बसूच शकत नाहीत. नकला रोखणारं निम्मं काम एवढ्यानेच होतं, कोडची एक ओळही न लिहिता.

मी ‘मालक’ असा कॉलम न ठेवता ‘ठिकाण’ ठेवतो. पिशवी, तिजोरी, अंगावर घातलेलं, टपालात अडकलेलं, बाजारात विकायला लावलेलं, अदलाबदलीच्या खिडकीत मांडलेलं, हे सगळे ‘ठिकाण’ टेबलातल्या ओळी. प्रत्येक ठिकाण कुणा खेळाडूचं तरी, किंवा सरकारी.

ठिकाण (ठिकाण_क्र, प्रकार, खेळाडू_क्र)
प्रत (प्रत_क्र, व्याख्या_क्र, धाटणी, ठिकाण_क्र, खण, जन्म_उलाढाल_क्र)
युनिक: ठिकाण_क्र + खण

बऱ्याच स्कीमांत ‘पिशवी’, ‘लिलाव’, ‘टपाल’ अशी वेगवेगळी टेबलं असतात आणि वस्तू हलवणं म्हणजे इथून डिलीट, तिथे इन्सर्ट. दोन कामांच्या मध्ये सर्व्हर बसला की वस्तू दोन्हीकडे किंवा कुठेच नाही. वरच्या मांडणीत हलवणं म्हणजे एका ओळीचा एक अपडेट. विकायला लावलेली तलवार त्याच वेळी अंगावर असू शकत नाही, कारण ती बाजाराच्या ठिकाणी गेलेली आहे. त्यासाठी वेगळी तपासणी लिहावी लागत नाही.

मोडलेली, वितळवलेली वस्तूसुद्धा डिलीट करत नाही. ‘भट्टी’ नावाचं एक सरकारी ठिकाण असतं, तिथे जाते (तिथे खण नल; नल मूल्यं युनिकमध्ये आपसांत भिडत नाहीत). खेळाडू तासाभराने रडत आला की परत काढता येते. भट्टी फार फुगली तर जुना माल वर्षाकाठी जुन्या नोंदींच्या वेगळ्या टेबलात हलवा.

खणांवरच्या त्या युनिकमध्ये एक खाच आहे. खेळाडूने तिसऱ्या आणि सातव्या खणातल्या वस्तूंची जागा बदलली आणि तुम्ही ते एकाच अपडेटमध्ये केलं, तरी पोस्टग्रेस ओळीगणिक तपासतं आणि पहिल्याच ओळीला ‘सातवा खण भरलेला आहे’ म्हणून अडतं. कन्स्ट्रेंट डिफरेबल जाहीर केला की तपासणी शेवटी होते आणि काम होतं. बदल्यात त्या कन्स्ट्रेंटवर ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ची (इन्सर्ट भिडला तर काय करायचं ते सांगण्याची) सोय मिळत नाही, चालतं.

देवाणघेवाण

‘पोकेमॉन’च्या गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल या पिढीत मुलांनी एक करामत शोधली होती. पोकेमॉन पेटीत ठेवायचा, पेटी बदलायला सांगायचं, आणि खेळ सेव्ह होत असताना नेमक्या क्षणी यंत्र बंद करायचं. पेटीतली नोंद लिहून झालेली असायची, सोबतच्या चमूची नोंद अजून जुनीच. पुन्हा चालू केलं की तोच पोकेमॉन दोन्हीकडे. ‘सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही’ ही ट्रान्झॅक्शनची हमी म्हणजे काय, ते नव्या माणसाला समजावताना मी हेच उदाहरण देतो.

तुमच्याकडे ट्रान्झॅक्शन आहे, पण नुसतं बिगिन-कमिट लिहून भागत नाही. पोस्टग्रेसची मुळातली आयसोलेशन पातळी रीड कमिटेड आहे, म्हणजे दुसऱ्याचं फक्त कमिट झालेलं वाचायचं. खेळाडूने तीच तलवार एकाच क्षणी दोघांना द्यायचा प्रयत्न केला, तर दोन्ही विनंत्या ‘तलवार याच्याकडे आहे का’ विचारतील, दोघींना ‘आहे’ असं उत्तर मिळेल आणि दोन्ही पुढे जातील. म्हणून ‘आधी वाचा, कोडमध्ये तपासा, मग लिहा’ असं करूच नका. अट अपडेटमध्येच घाला:

प्रत अपडेट करा: ठिकाण_क्र = घेणाऱ्याची पिशवी, खण = तिथला रिकामा खण
जिथे प्रत_क्र = ५५१२ आणि ठिकाण_क्र = देणाऱ्याची पिशवी

आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. एक बदलली तर पुढे, शून्य तर रोलबॅक (सगळं मागे). दुसरी विनंती पहिलीच्या लॉकपाशी थांबते, पहिली कमिट झाली की पोस्टग्रेस तिची अट नव्या ओळीवर पुन्हा तपासतं, तलवार तिथे नसते, शून्य ओळी.

नाण्यांचंही तसंच. शिल्लक कोडमध्ये आणून, वजा करून, परत लिहायची नाही. ‘शिल्लक = शिल्लक − ५००, जिथे शिल्लक >= ५००’ हे एकच वाक्य, वर शिल्लक ऋण होऊ नये असा चेक. आणि नाणी पूर्णांकात. फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश आकड्यात) पैसे ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, कोड परत पाठवतो.

दोन्ही बाजूंच्या अनेक वस्तू असतील तर आधी सगळ्या प्रती ‘फॉर अपडेट’ने लॉक करा, आणि त्या नेहमी प्रत_क्रच्या चढत्या क्रमाने. एक ट्रान्झॅक्शन अ मग ब, दुसरं ब मग अ असं लॉक करू लागलं की डेडलॉक (दोघंही एकमेकांची वाट पाहत अडकणं) ठरलेला. पोस्टग्रेस तो ओळखून एकाला मारतं, पण गर्दीच्या वेळी मग अर्ध्या अदलाबदली फसतात.

मोबाइलचं नेटवर्क लिफ्टमध्ये गेलं की ॲप तीच विनंती पुन्हा पाठवतं. म्हणून प्रत्येक विनंतीला ॲपनेच एक क्रमांक द्यावा आणि उलाढालीच्या टेबलात (प्रत्येक व्यवहाराची एक ओळ, पुढे येतं) त्यावर युनिक असावं. दुसऱ्यांदा आली की इन्सर्ट फसतो, तुम्ही जुनं उत्तर परत देता. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंच्या पावतीच्या क्रमांकालाही हेच लावा.

आणि एक सापळा, जो डेटाबेसच्या बाहेर असतो. वेगासाठी पुष्कळ खेळ-सर्व्हर खेळाडूची अख्खी पिशवी मेमरीत ठेवतात आणि दर काही मिनिटांनी डेटाबेसला लिहितात. ‘अ’ने ‘ब’ला तलवार दिली, ‘ब’ची पिशवी लिहून झाली, ‘अ’ची लिहायच्या आधी सर्व्हर कोसळला. परत उठल्यावर तलवार दोघांकडे. मग लोक मुद्दाम सर्व्हर पाडायच्या वाटा शोधतात. खेळाडू नकाशावर कुठे उभा आहे, त्याची प्रकृती किती, हे खुशाल उशिरा लिहा. वस्तू आणि नाणी मात्र त्याच क्षणी, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

कीर्द

आपल्याकडच्या पेढीवर कीर्द आणि खतावणी वेगळ्या असत. जे घडलं ते क्रमाने कीर्दीत, आणि आज कुणाचं किती ते खतावणीत. कीर्दीत खाडाखोड नाही. चूक झाली तर उलट नोंद. ‘प्रत’ आणि ‘साठा’ या तुमच्या खतावण्या आहेत. त्यांच्या शेजारी कीर्द हवीच.

उलाढाल (उलाढाल_क्र, वेळ, कारण, विनंती_क्र)
कीर्द (उलाढाल_क्र, ओळ, व्याख्या_क्र, प्रत_क्र, ठिकाण_क्र, फरक)

प्रत्येक उलाढालीच्या ओळींतल्या फरकांची बेरीज वस्तूगणिक शून्य यायला हवी. ‘अ’च्या पिशवीत उणे एक, ‘ब’च्या पिशवीत अधिक एक. नवी वस्तू हवेतून येत नाही, ‘टांकसाळ’ नावाच्या सरकारी ठिकाणाहून येते. तिथे उणे, खेळाडूकडे अधिक. मग खेळात एकूण किती भवानी तलवारी पाडल्या गेल्या, किती भट्टीत गेल्या आणि किती हिंडताहेत, हे एका क्वेरीत कळतं. रोज रात्री कीर्दीची बेरीज आणि खतावणी ताडून पाहणारं काम लावा. फरक आला तर त्या रात्रीच कळतो, इंटरनेटवर व्हिडिओ आल्यावर नव्हे.

खेळाच्या सर्व्हरच्या डेटाबेस-खात्याला कीर्दीवर फक्त इन्सर्ट आणि सिलेक्टचा हक्क ठेवा. हे टेबल सगळ्यांत वेगाने वाढेल, म्हणून पहिल्या दिवसापासून महिन्यागणिक पार्टिशन (वेगळे तुकडे) करा.

हे सगळं कशासाठी, ते व्हॉल्व्हच्या स्टीम या खेळ-दुकानाच्या अनुभवावरून दिसतं. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने जाहीर केलं की दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जातात. चोरीची वस्तू तोवर तिसऱ्या-चौथ्या निरपराध हातात गेलेली असते. ती ओढून काढली तर त्याच्यावर अन्याय, म्हणून मूळ मालकाला नवी प्रत करून देत. पण प्रत्येक नव्या प्रतीने बाकी सगळ्यांच्या तशाच वस्तूंची दुर्मिळता घटते, हेही त्यांनीच मांडलं. तुमच्यापुढे हा पेच आला तर काय करायचं ते धोरण तुमचं, पण वस्तू कुठून कुठे गेली हे कीर्द सांगणार नसेल तर निवड करायलाही काही उरत नाही. तो ओरिजिनल आयडी याच कामी येतो. तुमची प्रत_क्र आयुष्यभर बदलणार नसेल, तर तेवढं काम तीच करते.

प्रत_क्र बिगइंट (मोठा पूर्णांक) ठेवा. साध्या इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे आणि चांगल्या चाललेल्या खेळात ती ओलांडली जाते. जावास्क्रिप्टला २ च्या ५३ व्या घातापलीकडचे पूर्णांक नेमके सांभाळता येत नाहीत, म्हणून बाहेर पाठवताना मजकूर म्हणून पाठवा.

पेट्या

पेटीतून काय निघेल याचा तक्ताही टेबलातच, आवृत्तीसह: तक्ता_आवृत्ती, व्याख्या_क्र, वजन. वजन पूर्णांक. ‘०.६ टक्के’ असं न लिहिता १०,००० पैकी ६०. एकदा चालू केलेली आवृत्ती बदलायची नाही, नवी काढायची. प्रत्येक पेटी उघडली की कुठल्या आवृत्तीवर, कुठला आकडा पडला आणि काय निघालं, हे लिहून ठेवायचं.

जुलै २०१९ मध्ये ‘टीम फोर्ट्रेस २’च्या एका अपडेटमध्ये काही जुन्या पेट्यांतून दर वेळी अतिदुर्मिळ ‘अनयुज्वल’ टोप्याच निघू लागल्या आणि बाजार गडगडला. अशा वेळी ‘चुकीच्या आवृत्तीतून जन्मलेल्या सगळ्या प्रती’ ही यादी मिळायला हवी. वर ‘प्रत’मध्ये जन्म_उलाढाल_क्र आहे तो त्यासाठी.

‘नव्वदाव्या वेळी नक्की मिळेल’ असली हमी देणार असाल, तर खेळाडू आणि तक्ता यांच्या जोडीवर एक मोजणीची ओळ लागते, आणि पेटी उघडताना सगळ्यात आधी ती लॉक करायची. नाहीतर दोन बोटांनी एकदम दाबणारा हमी दोनदा वसूल करतो.

यात कायदाही येतो. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला की मोठं बक्षीस, या ‘कॉम्प्लीट गाचा’वर जपानने २०१२ मध्येच बंदी आणली. चीनने १ मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं, ॲपलने त्याच वर्षी डिसेंबरात. जाहीर करायचे आकडे याच तक्त्यातून क्वेरीने काढा, कुणाला हाताने वेबपानावर टाइप करायला लावू नका. आणि भारतात खेळ आणताना वस्तू कुठल्याही वाटेने पैशात वळवता येणार असतील, तर ऑनलाइन गेमिंगचा २०२५ चा कायदा वकिलाला दाखवून घ्या. तिथे स्कीमा उपयोगी नाही.

संग्रह

‘मला कधीतरी मिळालं होतं’ आणि ‘माझ्याकडे आत्ता आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी. पोकेडेक्समध्ये (पोकेमॉनच्या नोंदवहीत) पकडलेल्याची खूण पोकेमॉन दुसऱ्याला देऊन टाकला तरी राहते. तुमच्या पत्त्यांच्या वहीचंही तसंच हवं, नाहीतर जास्तीचा समजून शेवटचा पत्ता विकणारा खेळाडू वहीत भोक पाहून चिडेल.

संग्रह (खेळाडू_क्र, व्याख्या_क्र, पहिल्यांदा_मिळाली)
संच_घटक (संच_क्र, व्याख्या_क्र)

कुठले पत्ते राहिलेत हे ‘नॉट एक्झिस्ट्स’ने काढा. ‘नॉट इन’ वापरलंत आणि आतल्या यादीत एक नल आला, तर उत्तर कायम रिकामं येतं, आणि खेळाडूला वाटतं संच पूर्ण झाला. संच कुणाकुणाचे पूर्ण झाले हा प्रश्न म्हणजे रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉडच्या रिलेशनल बीजगणितातला भागाकार. एसक्यूएलमध्ये त्याला थेट शब्द नाही. खेळाडूगणिक संचातले पत्ते मोजून संचाच्या एकूण संख्येशी ताडणं हा सर्वांत वाचनीय मार्ग. ‘पूर्ण झाला’ असा झेंडा साठवू नका. पुढच्या महिन्यात डिझायनर त्याच संचात दोन पत्ते वाढवतो आणि झेंडा खोटा पडतो. बक्षीस दिलं याची नोंद मात्र ठेवा, खेळाडू आणि संच यावर युनिक लावून, म्हणजे तेच बक्षीस दुसऱ्यांदा जाणार नाही.

इंडेक्सचं फार डोकं खाऊ नका. प्रत टेबलावर ठिकाण_क्रचा इंडेक्स वरच्या युनिकमधून आलेलाच आहे. व्याख्या_क्रवर एक, कीर्दीत प्रत_क्रवर एक. बाकी मोजून मग.

स्कीमा लिहून झाला की खेळाचा कोड सुरू करायच्या आधी एक चाचणी लिहा: पन्नास कनेक्शनं, एकच तलवार, प्रत्येक कनेक्शन ती वेगळ्या खेळाडूला द्यायला बघतंय. मध्येच पाच-सहा कनेक्शनं निर्दयपणे तोडा. शेवटी प्रतीची ओळ एकच, कीर्दीत यशस्वी उलाढाल एकच, आणि सगळ्या फरकांची बेरीज शून्य आली पाहिजे. ही चाचणी प्रत्येक बिल्डला चालू द्या. मग अंगावरच्या खणांबद्दल आणि तलवारीत बसवायच्या रत्नांबद्दल विचारा. रत्न म्हणजे ठिकाणाचा मालक खेळाडूऐवजी दुसरी प्रत, आणि तिथे ‘रत्नात तलवार, तलवारीत तेच रत्न’ असं चक्र होऊ न देण्याचा वेगळा प्रश्न आहे.